94 म्हणजे किती खाली?

"मॅडम, 94 म्हणजे किती खाली?"

खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये चार पानांचा अहवाल होता आणि पहिल्याच पानावर कुणीतरी लाल पेनानं तो आकडा गोल केला होता. बाहेर बाकावर त्यांचा मुलगा, मुलाची आई आणि आजी बसले होते. वडिलांनी दार मुद्दाम लोटून घेतलं. मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून. पण लाल गोल त्यानं आधीच पाहिला होता, हे मला नंतर त्याच्याकडूनच कळलं.

"मुलाचा आयक्यू कमी आला, आता पुढं काय?" हा प्रश्न घेऊन नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर महिन्याला दोन-तीन पालक तरी येतात. त्यांतली ही एक केस आहे. कुटुंबानं लिहायला परवानगी दिली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला आपण सम्यक म्हणू.

सम्यक अकरा वर्षांचा, सहावीत, इंग्रजी माध्यमात. घर उत्तर नागपुरात. पेपर पूर्ण होत नाहीत, वर्गात गप्प असतो, वही अर्धी कोरी, म्हणून शाळेनं बुद्धिमापन करून आणायला सांगितलं. शाळेत पाचवीपर्यंत सगळे एकत्र असतात. सहावीत गुणांवरून ए, बी आणि सी अशा तुकड्या पडतात. सम्यक सीमध्ये गेला. आणि आता हा आकडा.

वडिलांना मी आधी साधं उत्तर दिलं. या चाचण्यांची सरासरी 100 धरलेली असते. शंभरातली साधारण 68 माणसं 85 ते 115 च्या मधे येतात. 94 हा त्या गर्दीतला आकडा आहे. खाली नाही, मधे आहे.

"मधे म्हणजे साधारणच ना," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

अशा वेळी मी आकड्याची बाजू थोडी बाजूला ठेवते आणि माणसाला बोलू देते. ते बोलले. गाव भंडारा जिल्ह्यात, दीड एकर धान. दहावीनंतर नागपूरला सरकारी वसतिगृह, भारत सरकारची शिष्यवृत्ती, इंजिनिअरिंग, मग स्पर्धा परीक्षा. आज ते सरकारी खात्यात अधिकारी आहेत. "पेपर तपासणाऱ्याला माझं आडनाव दिसत नव्हतं मॅडम. बैठक क्रमांक दिसत होता. परीक्षेनं मला जितकं सारखं वागवलं, तितकं दुसऱ्या कोणीच वागवलं नाही."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. बुद्धिमत्ता, गुणवत्ता आणि समता यांवर बोलताना आपल्यातले पुष्कळ जण परीक्षेला सरसकट शिव्या देतात. ज्यांच्या घरात आधीपासून पुस्तकं होती, ओळखी होत्या, त्यांना ते परवडतं. माझे वडील प्राध्यापक होते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात पुस्तकांची दोन कपाटं होती आणि गणित अडलं की विचारायला काका होते. दहावीला माझं नाव पेपरात आलं तेव्हा ते माझ्या एकटीच्या डोक्याचं फळ आहे, असं मला मनापासून वाटलं होतं. सम्यकच्या वडिलांसमोर बसून मी हे त्यांना सांगितलं. ते पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकले.

खरी गोष्ट तिसऱ्या भेटीत बाहेर आली. त्या दिवशी ते एकटेच आले होते. बढती झाली तेव्हा ऑफिसात चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं होतं, "डोकं रक्तात असावं लागतं, सवलतीनं येत नाही." ते दाराआडून ऐकलं त्यांनी. बायकोलाही सांगितलं नव्हतं. सहा वर्षं ते वाक्य घेऊन हा माणूस रोज ऑफिसला जात होता.

"मुलाला सगळं दिलं मी. शाळा, ट्यूशन, टेबल, खुर्ची, टॅब. मला जे नव्हतं ते सगळं. आणि 94." मग थोडं थांबून, "म्हणजे ते लोक खरं बोलत होते का?"

एका अकरा वर्षांच्या मुलाच्या चार पानी अहवालावर किती ओझं टाकलं होतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो आकडा सम्यकचा राहिलाच नव्हता.

त्यांना धीर नको होता, पुरावा हवा होता. इंजिनिअर माणूस. मग मी पुरावाच मांडला, आणि त्यातलं गैरसोयीचंही लपवलं नाही. बुद्धीत जनुकांचा वाटा आहे. एकाच घरातली दोन भावंडं सारखी नसतात, हे प्रत्येक आईला माहीत असतं. पण "रक्तात असतं" म्हणणारे तिथून एक उडी मारतात आणि एका माणसातला फरक अख्ख्या समाजावर लावतात. ती उडी शास्त्रात बसत नाही. 1984 मध्ये जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं की अमेरिकेत आयक्यू चाचण्यांवरचे गुण दर दहा वर्षांना सुमारे 3 अंकांनी वाढत आले आहेत. रक्त काही दहा वर्षांत बदलत नाही. शाळा बदलतात, पोषण बदलतं, घरातली बोलणी बदलतात.

आणि एक प्रयोग आपल्याच देशातला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. 2006 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जात कुणी काढली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांनी जवळजवळ सारखेच भूलभुलैये सोडवले. नंतर मुलांच्या गटासमोर प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात मोठ्यानं जाहीर केली. लगेच दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तीच होती आणि कागद तसेच होते. डोकं तर त्या पाच मिनिटांत बदललं नव्हतं.

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "आमचं शेत कालव्याच्या टोकाला होतं. वरच्या शेतांचं भरलं की मग आमच्याकडं पाणी. पुष्कळदा पोचायचंच नाही. धान बारीक राहायचं. बियाणं मात्र एकाच दुकानातलं."

1970 मध्ये अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी याच वादात बियाण्याचाच दाखला दिला होता. एका पोत्यातलं बी दोन वेगळ्या जमिनींत पेरलं, तर एका वावरातल्या रोपारोपांतला फरक बियाण्याचा असेल, पण दोन वावरांतला फरक मातीचा आणि पाण्याचा असतो. मी त्यांना ते सांगितलं. त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही.

आता सम्यककडे येते.

अहवाल मी पहिल्या पानावरून वाचत नाही, तिसऱ्या पानावरून वाचते. सम्यकची चाचणी ज्या मालिकेवर झाली, तिचं मूळ डेव्हिड वेक्स्लर यांच्या 1949 च्या चाचणीत आहे आणि तिचा भारतीय अवतार आपल्या नागपुरातल्याच डॉ. आर्थर मालीन यांनी 1969 मध्ये घडवला. या शहराची आठवण म्हणून मला त्या चाचणीबद्दल जिव्हाळा आहे, पण तिचे निकष अर्ध्या शतकापूर्वीचे आहेत हेही मी विसरत नाही. तिचे दोन भाग असतात. एक शाब्दिक: सामान्य ज्ञान, शब्दार्थ, तोंडी गणित, आकडे ऐकून परत म्हणणं. दुसरा कृतीचा: ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, चित्रातलं काय हरवलंय ते ओळखणं, तुकडे जोडणं, भूलभुलैया.

सम्यकचा शाब्दिक आकडा होता 82. कृतीचा 107. दोन्ही मिळवून दोननं भागलं, वरचा अर्धा अंक सोडला आणि पहिल्या पानावर 94 लिहिलं. नागपूरचे मे महिन्यातले 45 अंश आणि डिसेंबरच्या पहाटेचे 10 अंश यांची सरासरी काढून "हवा सुखद असते" म्हणण्यासारखं ते झालं. पंचवीस अंकांची दरी हीच त्या अहवालातली बातमी होती. तिच्याबद्दल एक ओळ नव्हती. शिवाय प्रश्न इंग्रजीत विचारले गेले होते. हा मुलगा दिवसभर आजीजवळ वाढलेला, त्याचे विचार आजीच्या बोलीत चालतात. 1930 च्या दशकात धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्समध्ये तयार झालेली बिने यांची बुद्धिचाचणी आपल्याकडच्या मुलांसाठी बसवली, ती मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांवर. मुलाला त्याच्या भाषेत विचारावं हे तेव्हा ज्यांना कळत होतं, त्यांच्याच मुलुखात आज आपण ते विसरलो आहोत.

सम्यकला मी पहिल्या दिवशी काहीच विचारलं नाही. कागद आणि पेन्सिल दिली. त्यानं पंधरा मिनिटांत गड्डीगोदामचा पूल काढला. कामठी रोडनं सीताबर्डीला येताना ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, तिथं चार मजले आहेत: खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, त्याच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. त्यानं तो बाजूनं कापून दाखवल्यासारखा काढला होता. प्रत्येक मजल्याचा खांब कुठं टेकतो, रेल्वेच्या वरून जाणारा पोलादी सांगाडा दोन्ही टोकांना कशावर बसलाय, सगळं. "रेल्वे बंद न करता वरचं कसं बसवलं असेल?" त्यानं मला विचारलं. मला सांगता आलं नाही. तो सांगू लागला, हातांनी.

दुसऱ्या भेटीत वाचन. मराठीचं पुस्तक त्यानं सफाईनं वाचायला घेतलं. तीन ओळी झाल्या आणि मला शंका आली, कारण त्याचं बोट मागच्या ओळीवर होतं. मी हळूच पुस्तक ओढून घेतलं. तो थांबला नाही. दोन वाक्यं पुढं म्हणत राहिला आणि मग लाल झाला. धडा पाठ होता. आई रोज रात्री, वडील झोपल्यावर, त्याला धडे मोठ्यानं वाचून दाखवायची आणि तो ऐकून पाठ करायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. मी न पाहिलेला उतारा समोर ठेवला. "प्रयत्न"चं त्यानं "पर्यंत" केलं, "समोर"चं "सोमवार". इंग्रजीत अक्षरं उलटीसुलटी. आठ ओळींना सहा मिनिटं लागली आणि हात ओले झाले. पेन्सिल घसरत होती.

वाचता न येण्याची ही ओळखीची तऱ्हा होती. पुढच्या तपासण्या करायला मी त्यांना पाठवलं आणि निदान अपेक्षेप्रमाणेच आलं: विशिष्ट अध्ययन अक्षमता, वाचन आणि लेखनाची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. त्यात परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरज असली तर लेखनिक मिळतो. आठवड्यातून तीन दिवस उपचारात्मक शिक्षण सुरू करायचं ठरलं.

मला वाटलं, आता घरात सुटकेचा श्वास पडेल. वडिलांनी अर्ज वाचला आणि टेबलावर परत ठेवला.

"सवलत नको."

कागदावर तोच शब्द छापलेला होता. परीक्षेतील सवलतीसाठी अर्ज. मी समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या माणसाला आयुष्यभर त्या एका शब्दानं मारलं, त्याला मी त्याच शब्दावर सही मागत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "आज जादा वेळ घेतला की उद्या तोही ऐकेल, सवलतीवर आलेला. मी ऐकलं तेवढं बस झालं. त्यानं नाही ऐकायचं."

हे कोडं माझ्यानं सुटलं नाही. सोडवलं आजीनं. त्या दिवशी ती आत येऊन बसली होती, गुडघे धरून. 1956 साली आईच्या कडेवर बसून आपण दीक्षाभूमीच्या मैदानावर होतो, असं ती अभिमानानं सांगते. मुलाकडं बघत म्हणाली, "भाऊ, तुह्या होस्टेलात भाकर कोनाच्या पैशाची होती? बाबासायेबायले महाराजानं शिकाले धाडलं, तं ते लहान झाले का? पोट्ट्याले बी लागते थोडा टाईम, तं देऊन टाक ना बाप्पा."

खोलीत कुणी काही बोललं नाही. 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, हे त्या घरातल्या लहान मुलालाही माहीत होतं. पण आजीनं ते आणि अर्जावरचा शब्द एका ओळीत आणून ठेवले. वडिलांनी तेव्हाही सही केली नाही. अर्ज घरी नेला.

पुढच्या भेटीत त्यांनी मला अडवणारा प्रश्न विचारला. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक पालक तो मनात ठेवून घरी जातात. "ठीक आहे. माझ्या मुलाचं निघालं, त्याला वाचता येत नव्हतं. दुसरा आकडा 107 आहे. पण समजा, दोन्ही आकडे 94 च असते तर? किंवा 80?"

मी खोटं बोलले नाही. तसं असतं तर मला सांगावं लागलं असतं की काही गोष्टी त्याला उशिरा कळतील, काही कदाचित कळणार नाहीत. निम्म्याच्या आसपास माणसं 100 च्या खालीच असणार, कारण चाचणी बेतलेलीच तशी असते. सगळा देश उद्या दुप्पट हुशार झाला तरी नव्या निकषांवर निम्मे पुन्हा खालीच येतील. म्हणजे खाली असणं हा काही कुणाचा दोष नाही, ते मोजण्याच्या पद्धतीतच आहे. प्रश्न एवढाच उरतो की खाली आलेल्याला काय मिळणार.

आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली ती याचसाठी. शाळेत मागं पडणारी मुलं ओळखायची आणि त्यांना जास्तीची मदत द्यायची. बुद्धी हा कायमचा ठरलेला साठा आहे असं मानणाऱ्यांना त्यांनी 1909 मध्ये कडक विरोध केला. 1911 मध्ये ते गेले. मग त्यांची चाचणी अमेरिकेत गेली. 1916 मध्ये लुईस टर्मन यांनी तिचं नवं रूप काढलं आणि ती माणसं उतरंडीला लावायला वापरली जाऊ लागली. याच टर्मन यांनी 1921 पासून कॅलिफोर्नियातली हजारावर "प्रतिभावान" मुलं निवडून आयुष्यभर त्यांच्यावर नजर ठेवली. त्या चाळणीत आकडा कमी पडला म्हणून वगळलेल्या दोन मुलांना, विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांना, पुढं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मला यातलं नोबेल तितकंसं महत्त्वाचं वाटत नाही. मदतीसाठी केलेली मोजपट्टी किती लवकर दर्जाची मोजपट्टी झाली, ते वाईट वाटतं.

"पण डॉक्टर हुशार पाहिजे की नाही?" त्यांनी विचारलं. पाहिजेच. ऑपरेशन करणाऱ्याची परीक्षा कडक घ्या, पूल बांधणाऱ्याची घ्या, त्यात कुणाला दयामाया नको. कामासाठी माणूस निवडणं वेगळं आणि अकराव्या वर्षी माणसाची पायरी ठरवणं वेगळं. इंग्लंडनं ते करून पाहिलंय. 1944 च्या शिक्षण कायद्यानंतर तिथं अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन थोडी मुलं ग्रामर शाळांत, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या शाळांत, आणि बाकीची दुसऱ्या शाळांत पाठवायचे. 1965 मध्ये सरकारनंच स्थानिक शिक्षण मंडळांना एकत्र शाळांकडे वळायला सांगितलं.

बाबासाहेबांनी 1936 मध्ये, लाहोरच्या न झालेल्या भाषणात, नेमका हाच मुद्दा मांडला होता आणि सम्यकच्या वडिलांनी तो वाचलेला होता. माणूस तीन गोष्टींनी घडतो: शरीराचा वारसा, समाजाचा वारसा म्हणजे आईबापांची देखभाल, शिक्षण वगैरे, आणि स्वतःची मेहनत. तिन्हींत माणसं सारखी नसतात हे मान्य करून ते विचारतात, म्हणून त्यांना वागवायचंही विषम का? घराणं, शिक्षण, ओळखी, पैसा हे ज्यांच्या बाजूला आहे त्यांनाच शर्यतीत निवडलं, तर ती निवड लायकांची होत नाही, सोयी लाभलेल्यांची होते. मी एवढं म्हणेपर्यंत पुढचं ते स्वतःच म्हणू लागले, पाठ असल्यासारखं. मग मधेच थांबले. "हे मी ऑफिसच्या लोकांसाठी वाचत होतो मॅडम. घरासाठी नाही वाचलं."

आता ही गोष्ट शाळेत नेणं भाग होतं. मी आणि सम्यकची आई मुख्याध्यापकांना भेटलो. आई बँकेत नोकरी करते, शांत बाई, पण त्या दिवशी तिनं वहीत मुद्दे लिहून आणले होते. सम्यकनं तिला सांगितलेल्या गोष्टी: ए तुकडीला स्मार्ट बोर्ड आहे, सीला नाही. गणिताचे सगळ्यात चांगले सर एला शिकवतात. सीमध्ये एक सर वर्षात तीनदा बदलले. "ज्यांना कमी मदत लागते त्यांनाच जास्त मदत मिळते, असं कसं?" तिनं विचारलं. मला तिचं हे वाक्य बिने यांच्या सगळ्या लिखाणाच्या तोडीचं वाटलं.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की एच्या पालकांनाच तुकड्या हव्या असतात. मिसळले तर ते मुलांना काढून दुसऱ्या शाळेत घालतील. हे खरं आहे, ते पालकही माझ्याकडे येतात. "आमची मुलगी फार हुशार आहे, साध्या मुलांबरोबर तिचं नुकसान होतंय," अशी त्यांची काळजी असते आणि तीही खोटी नसते. जे येतं तेच पुन्हा पुन्हा शिकवलं तर हुशार मूल कंटाळतं. त्याला अवघड काम द्यायलाच हवं. पण अवघड गणित देण्यासाठी त्याला वेगळ्या खोलीत बसवावं लागत नाही. आणि आपण ए आहोत हे अकराव्या वर्षी शिकलेली मुलं पुढं कशी वागतात, तेही मी या खोलीत पाहिलं आहे. एक मुलगी बारावीत पहिल्यांदा नापास झाली. तिला "मी आता बी झाले" एवढंच म्हणता येत होतं, दोन तास. प्रवेश देताना मुलांची चाळणी करायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मनाई केली, आणि आपण ती चाळणी आत नेऊन सहावीच्या दारात लावली, याचा मला राग आहे आणि तो मी त्यांच्यासमोर लपवला नाही.

तुकड्या गेल्या नाहीत. गणिताचे ते सर आता आठवड्यातून दोन दिवस सीला शिकवतात आणि चित्रकला, खेळ, प्रयोगशाळा या तासांना तिन्ही तुकड्या मिसळतात. एवढंच झालं. आईनं पुढच्या वर्षीसाठी पुन्हा वेळ मागून घेतली आहे.

ज्यांच्या हातात असा अहवाल आज आला असेल त्यांना मी सांगते, पहिल्या पानावर थांबू नका. चाचणी कुठल्या भाषेत झाली ते विचारा, आणि ती भाषा मुलाची आहे का. शाब्दिक आणि कृतीचे आकडे वेगळे मागा. त्या दिवशी मूल आजारी होतं का, घाबरलं होतं का, तपासणाऱ्याला विचारा. मग सगळ्यात शेवटी विचारा की या आकड्यावरून माझ्या मुलाला काय जास्त मिळणार आहे. काहीच नाही असं उत्तर आलं, तर तो आकडा कुणासाठी काढला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि अहवाल मुलासमोर लाल पेनानं गोल करू नका. सम्यकनं मला नंतर सांगितलं, त्याला वाटलं होतं की लाल गोल म्हणजे चूक. आपण पूर्णच चूक आलो.

वडिलांनी अर्जावर सही केली, साधारण पाच आठवड्यांनी. मला कळवलं नाही, शाळेकडून कळलं.

दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला. सगळं घर दीक्षाभूमीला गेलं होतं, दरवर्षीसारखं. पुस्तकांच्या स्टॉलपाशी गर्दी होती. सम्यक एका बॅनरपुढे उभा राहिला आणि स्वतःहून वाचायला लागला. वडिलांनी मागे उभं राहून ऐकलं. त्याला तीनदा पहिल्या अक्षरावर यावं लागलं. स. सव. सवल. मागून लोक ढकलत होते, एकानं "चल ना रे भाऊ" म्हटलं.

"मी सांगणारच होतो मॅडम. तोंडात आला होता शब्द. आईनं माझा दंड धरला."

"मग?"

"मग वाचलं ना त्यानं. सवलतीच्या दरात पुस्तके. पूर्ण. आणि मला विचारते, बाबा, आपल्याला पण भेटते का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"घेतली ना. तीन पुस्तकं घेतली. एक पुलांच्या चित्रांचं आहे."